घेवडा गेला डावीकडे

१

बुधवारी सकाळी मी फोटो काढायला म्हणून थंड खोलीत शिरले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. जांभळ्या घेवड्याची बरणी जागेवर नव्हती. फळीवर तिच्या नावाची पट्टी चिकटवलेली होती, अलीकडे वाटाणा होता, पलीकडे मसूर होता, आणि मधे नुसती रिकामी जागा.

मी सगळ्या फळ्या पालथ्या घातल्या. बोटं गारठून गेली. शेवटी दार लावून बाहेर आले आणि जिन्यावरच बसले.

आमचं बियाण्यांचं भांडार आहे. शेतांतून, परसांतून नाहीशी होत चाललेली वाणं लोक आमच्याकडे आणून देतात, आम्ही ती तपासतो आणि बरण्यांत भरून थंड खोलीत ठेवतो. मी तिथली विकी सांभाळते. म्हणजे कुणी काय, कधी, कसं करायचं याची जी पानं सगळ्यांनी मिळून लिहायची असतात, ती प्रत्यक्षात मी एकटी लिहिते आणि बाकीचे वाचल्यासारखं करतात. असो. माझं रडगाणं नंतर.

तर हा घेवडा साधासुधा नव्हता. आमच्याकडे बियांची तपासणी करणारी मुलगी आहे, दिवसभर इकडून तिकडे धावत असते म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. तिच्या वडिलांनी आयुष्यभर परसात हा घेवडा जपला. गेल्या वर्षी ते गेले. या वर्षी मुंगीने लावलेल्या वेलांवर रोग पडला आणि सगळे वेल काळे पडून गेले. उरल्या त्या फक्त त्या निळ्या झाकणाच्या बरणीतल्या बिया. झाकणही वडिलांचंच, कुठल्याशा जुन्या डब्याचं, पण बरणीला अगदी फिट्ट बसलेलं.

त्या बिया गेल्या म्हणजे तो घेवडा जगातून गेला. मला रडूच यायला लागलं.

२

आमचे संचालक, म्हणजे साहेब, मंगळवारी परिषदेहून परतले होते ते बसका घसा घेऊन. गळ्याला मफलर, टेबलावर गरम पाण्याचा थर्मास, आणि आवाज असा की जुनं दार करकरावं. पण राग यायला आवाज कुठे लागतो?

"पान उघडा," ते म्हणाले. "कडधान्यांचं."

मी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पान उघडलं. आता हे जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे प्रत्येक पिकाचा चार्ट आहे. बी आलं की आधी काय बघायचं, मग कुठे पाठवायचं, अशा चौकटी आणि बाण. विकीवर हे चार्ट हाताने काढायचे नसतात. साध्या मजकुरात ओळी लिहायच्या, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत बाण, बाणावर हा शब्द. बाकीचं यंत्र बघतं. कोणती चौकट कुठे बसवायची, बाण कसा वळवायचा, सगळं त्याचं ते ठरवतं. कडधान्यांचा चार्ट मी अलीकडेच लिहिला होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता. प्रश्न एकच: कीड आहे? नसेल तर थंड खोली. असेल तर भट्टी, म्हणजे जाळून टाकायचं.

भट्टी हा शब्द मी इथे लिहितेय खरा, पण भांडारात तो कुणी तोंडाने उच्चारत नाही. बियांसमोर तर नाहीच. कधीपासूनची सवय आहे कोण जाणे. नवा माणूस चुकून बोलला तरी जुने लोक डोळे वटारतात. भट्टी चालवणाऱ्या माणसालाही आम्ही गरमभाऊ म्हणतो. फोनवर सांगायचं झालं तर चार्टकडे बघून 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' एवढंच सांगायचं. कुठल्या पिकाच्या चार्टमध्ये भट्टी कुठल्या बाजूला आहे, ते पाठ कुणालाच नसतं. मलासुद्धा नाही. मी मजकूर वाचते, चित्र नव्हे.

"खालची नोंद वाचा," साहेब करकरले.

नोंद आमच्या भांडारकाकांची होती. माल ताब्यात घेणं, जागेवर लावणं, खोल्यांच्या किल्ल्या सांभाळणं हे त्यांचं काम. जुन्या बरण्यांची फेरतपासणी चालू होती, तिच्यात शनिवारी त्यांनी लिहिलं होतं: 'मुंगीला फोन केला. घेवडा डावीकडे. चार्टप्रमाणे केले.'

"आणि चार्टमध्ये डावीकडे काय आहे? बघा."

मी बघितलं. डावीकडे स्वच्छ अक्षरांत भट्टी होती. उजवीकडे थंड खोली. आणि भट्टी सोमवारी पेटली होती, ते तर सगळ्यांना माहीत होतं.

"तिने फोनवर चुकीची बाजू सांगितली. स्वतःच्या घरचं बी, आणि एवढा निष्काळजीपणा! आज कुणाच्या घरचं, उद्या कुणाच्या. आणि जाळायच्या आधी मला विचारायचं असतं, तेही कुणी विचारलं नाही. संध्याकाळी तिला कळवतो, उद्यापासून येऊ नकोस म्हणून."

"साहेब, निदान काकांना विचारू या."

"विचारा की! लागतोय का फोन?"

तीच तर गोची होती. काका शनिवारी संध्याकाळी लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेले होते, डोंगरात, जिथे फोनला रेंज नाही. मी सकाळपासून लावत होते आणि तीच बाई मला पुनःपुन्हा तेच सांगत होती.

३

अशा वेळी मला एकच माणूस आठवतं, आणि ते माणूस नेमकं माझ्याच घरी मुक्कामाला होतं. माझ्या नणंदबाई. कारखान्यांत अपघात झाला की त्याची चौकशी करणं हा त्यांचा धंदा. घरात त्यांची भीती वाटते, कारण फुटलेली कपबशी बघून त्या कुणी फोडली, का फोडली आणि कुणावर ढकलली, एवढं सगळं सांगतात.

"वन्सं, येता का जरा?" मी फोनवर म्हटलं.

"तुझ्या त्या विकीचं काही असेल तर मी झोपलेय," त्या म्हणाल्या. पण माझा आवाज ऐकून त्यांनी चप्पल घातली असावी, कारण थोड्याच वेळात त्या दारात हजर होत्या, चष्मा डोक्यावर आणि पर्स काखेत.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही, हेच नवल. मग विचारलं, "हे काका माणूस कसे?"

"देवमाणूस. पण चार्टच्या बाबतीत भयंकर. मागे एकदा एका चार्टच्या अगदी शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं की हे सगळं हातमोजे घालून करा. काकांनी ते शेवटी वाचलं, तोवर हाताला पुरळ उठलं होतं. तेव्हापासून तळाच्या चौकटीपर्यंत वाचून झाल्याशिवाय कशाला बोट लावत नाहीत. आणि एकदा वाचलं की जे लिहिलंय ते करणार म्हणजे करणार. आम्ही हसतो त्यांना."

"हसू नका. मला अशी माणसं सगळीकडे मिळाली असती तर माझा धंदा बसला असता." त्यांनी पर्स उचलली. "चल, आधी त्या मुंगीकडे. जिच्यावर आळ आहे तिला कुणी काही विचारलंय की नाही?"

खरं सांगायचं तर नव्हतं विचारलं. मला माझीच लाज वाटली.

४

मुंगीचा पाय प्लास्टरमध्ये होता. शिडीवरून पडली होती, म्हणून ती घरूनच काम बघत होती. नमुन्यांचा निकाल तिच्याकडे यायचा आणि ती फोनवर बाजू सांगायची. दार तिच्या शेजारणीने उघडलं. मुंगी पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि डोळे असे सुजलेले की आम्हाला काही सांगायची गरजच नव्हती. भांडारातली बातमी आमच्या आधी पोचली होती.

"ताई, मी माझ्या बाबांचा घेवडा जाळायला सांगेन का?" ती मला म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. "साहेब म्हणतात म्हणे की माझं लक्ष नव्हतं. तीनदा तपासला मी तो निकाल. कीड नव्हती. एकही नाही."

वन्सं पलंगाच्या कडेवर बसल्या. "रडून घे आधी. मग मला शनिवारचा फोन सांग, जसाच्या तसा."

"काकांनी विचारलं, पोरी, घेवड्याचं काय? मी म्हटलं, डावीकडे. ते गप्प झाले. मग म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग परत विचारलं, अगं, नक्की ना? मी म्हटलं, काका, हो. मग त्यांनी फोन ठेवला, बाय पण म्हणाले नाहीत."

"एरवी असं दोनदा विचारतात?"

"कधीच नाही."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मला त्या बघण्याचा अर्थ कळला नाही.

"आणि तू डावीकडे का म्हणालीस? पडद्यावर तर डावीकडे..." वन्संनी हात वर केला. "असू दे, उच्चारत नाही तुमचा तो शब्द. पडद्यावर डावीकडे ते आहे."

"नाहीये!" मुंगी ताडकन म्हणाली, आणि पाय दुखला म्हणून कळवळली. "डावीकडे थंड खोली आहे. तो बघा ना चार्ट. नवा चार्ट आला त्या दिवशी मी छापून घेतला. आडवं पडून मोबाईलवर ती चौकट केवढीशी दिसते, म्हणून."

कपाटाच्या दारावर कागद चिकटवलेला होता. मी जवळ गेले. माझाच चार्ट, माझ्याच चौकटी, माझेच शब्द. प्रश्नाखाली दोन बाण. डावीकडच्या बाणाच्या टोकाला थंड खोली. उजवीकडच्या टोकाला भट्टी.

म्हणजे पडद्यावर जे होतं त्याच्या नेमकं उलट. कुणीतरी माझा चार्ट फिरवला होता.

५

"कोण तो मेला?" मी रस्त्यात म्हणाले. अंगाचा तिळपापड झाला होता. "माझ्या चार्टला हात लावायची हिंमत कुणाची झाली?"

"विकीत कुणी काय बदललं त्याची नोंद राहते ना?"

"राहते. सकाळीच बघितली मी. हेच तर कळत नाही, वन्सं. बाण कुणीच बदललेले नाहीत. थंड खोलीची ओळ जशीच्या तशी आहे. भट्टीची ओळ जशीच्या तशी आहे. साहेबांनी एक ओळ वर घातलीये तेवढीच, तीही भलतीच."

"भलतीच म्हणजे?"

"परिषदेला जायच्या आधी त्यांना हुक्की आली. म्हणाले, मलाही शिकवा हा मजकुरातून चार्ट काढायचा प्रकार. मी शिकवला. तर त्यांनी आपल्या हाताने लिहिलं: भट्टीपासून एक बाण, आणि त्याच्या टोकाला चौकट, 'भट्टीत घालण्यापूर्वी वस्तू संचालकांकडे द्यावी.' आता सांगा, पूर्वी करायचं काम, आणि चौकट भट्टीच्या खाली! जाळून झाल्यावर काय राख नेऊन द्यायची त्यांना? मी म्हटलं, जाऊ दे, साहेब आहेत, परत आले की हळूच सुधारू."

वन्सं हसल्या नाहीत. एका जागी उभ्या राहून त्यांनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. "हं," एवढंच म्हणाल्या. "आधी तुमचे गरमभाऊ."

गरमभाऊ मागच्या अंगणात भट्टीचं दार घासत होता. दांडगा माणूस, पण आम्हाला बघून त्याचा चेहरा पडला. साहेबांनी त्यालाही झाडलं होतं.

"बाई, मी ढकलगाडीत जे असतं ते घालतो. सोमवारी फोलपटं होती, किडकी सूर्यफुलं होती, आणखी काहीबाही. पिशव्यांत काय होतं ते प्रत्येकीचं कसं सांगू? असेलही घेवडा. माझ्या हातून गेला असेल तर..."

"बरणी घातलीस का भट्टीत?" वन्सं सरळ शब्द उच्चारून मोकळ्या झाल्या. गरमभाऊने इकडेतिकडे बघितलं.

"छे! काच कशी घालणार? काच, झाकणं, सगळं आधी रिकामं करून इकडे ठेवतो. मग ती धुवून परत वापरतात." त्याने बोट दाखवलं. भिंतीला लोखंडी मांडणी होती आणि तीत रिकाम्या बरण्या उलट्या मांडलेल्या होत्या.

"गेल्या काही दिवसांत इथून काही धुवायला गेलं?"

"धुणारी बाई गुरुवारी येते. सगळं इथेच आहे."

वन्सं मांडणीसमोर उभ्या राहिल्या. मीही बघितलं. पांढरी झाकणं, पिवळी झाकणं, एक लाल. मी खालच्या कप्प्यापर्यंत वाकून बघितलं, आणि मग वन्संचा दंडच पकडला.

निळं झाकण कुठेच नव्हतं.

६

"म्हणजे जळला नाही!" मी म्हणाले.

"थांब. बरणी भट्टीपाशी आली नाही, एवढंच आत्ता म्हण." पण त्यांचा आवाज मऊ झाला होता. "चल तुझ्या संगणकापाशी, विकीबाई. मला मजकूर दाखव, चित्र नको."

मी मजकूर उघडला. त्यांनी खुर्ची ओढली आणि मोठ्याने वाचलं. सगळ्यात वर साहेबांची ओळ, भट्टीपासून त्यांच्या चौकटीपर्यंत. तिच्याखाली माझ्या दोन ओळी, आधी थंड खोलीची, मग भट्टीची.

"चौकट कुठे बसवायची ते कोण ठरवतं म्हणालीस?"

"यंत्र."

"कशावरून ठरवतं?"

कशावरून ठरवतं? इतके चार्ट लिहिले, पण या प्रश्नाच्या वाटेला मी कधी गेलेच नव्हते. बाण बरोबर आहेत ना, मग चौकट डावीकडे बसो की उजवीकडे, मला काय त्याचं?

"ती वरची ओळ पुस," वन्सं म्हणाल्या. "जतन करू नकोस. नुसतं चित्र कसं दिसतं ते बघू."

मी ओळ पुसली आणि चित्राचं बटण दाबलं. आणि डोळ्यांदेखत चार्ट फिरला. थंड खोली टुणकन डावीकडे, भट्टी उजवीकडे, थेट मुंगीच्या कागदासारखं.

"परत घाल."

ओळ परत घातली. भट्टी पुन्हा डावीकडे.

"मजकुरात जिचं नाव आधी येतं तिला तुमचं यंत्र डावीकडे बसवतं," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या मजकुरात आधी थंड खोली होती. साहेबांनी वर ओळ घातली, तिची सुरुवातच भट्टीपासून. झालं, भट्टी पहिली आली आणि डावीकडे जाऊन बसली. बाण सगळे खरे, शब्द सगळे खरे, कुणी खोटं बोललं नाही की कुणी काही खोडलं नाही. तुम्ही त्या शब्दाचं नाव घेत नाही ना, डावं-उजवं बोलता, म्हणून घोटाळा. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी कुणाला पत्ताही लागला नसता."

मला इतकं हायसं वाटलं की मी मुंगीला फोन करायला घेतला. मग थांबले. मुंगी निर्दोष होती, ते खरं. पण बरणी?

"वन्सं, काकांच्या समोर तर पडद्यावरचाच चार्ट होता. त्यांना डावीकडे तोच शब्द दिसला असणार."

"दिसलाच. म्हणून तर बिचाऱ्यांनी दोनदा विचारलं. पोरगी स्वतःच्या बापाचं बी जाळायला सांगतेय, आणि शब्द तर तोंडाने काढायचा नाही. काय करतील? नक्की ना, नक्की ना, एवढंच विचारू शकले."

"मग त्यांनी बरणी तिकडे का नेली नाही?"

वन्सं उठल्या आणि पर्स काखेत मारली.

"साहेब दौऱ्यावर असताना त्यांच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

७

साहेब थर्मासमधून गरम पाणी ओतत होते. वन्संनी परवानगीची वाट बघितली नाही. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "घसा कधीपासून?"

"परिषदेतच बसला," साहेब गोंधळून करकरले. "डॉक्टरांनी थंड बंद केलंय. आपण कोण?"

"मी हिची नणंद. तुम्ही मंगळवारपासून तो उघडलाच नसेल, नाही?"

वन्संनी कोपऱ्याकडे हात केला. तिथे साहेबांचा छोटा फ्रिज होता. साहेबांना थंड कॉफीचं भारी वेड, सगळ्या भांडाराला माहीत.

"तुमच्या चौकटीत लिहिलंय, भट्टीत घालण्यापूर्वी वस्तू संचालकांकडे द्यावी," वन्सं म्हणाल्या. "चौकट चुकीच्या जागी आहे, भट्टीच्या खाली. वरून वाचत जाणारा माणूस भट्टीपाशीच थांबला असता आणि काम उरकून मोकळा झाला असता. पण तुमचे भांडारकाका तळापर्यंत वाचल्याशिवाय बोट लावत नाहीत. त्यांनी वाचलं, वस्तू संचालकांकडे द्यावी. तुम्ही नव्हता, पण किल्ली त्यांच्याकडे होती. आता बियांत आयुष्य घालवलेला माणूस बियांची बरणी तुमच्या टेबलावर उन्हात ठेवून जाईल?"

मीच उठले आणि फ्रिजचं दार उघडलं.

पुढे कॉफीच्या बाटल्या होत्या, ओळीने. मी एक बाजूला केली, दुसरी केली. तिच्या मागे, पुसून लख्ख केलेली, काठोकाठ जांभळ्या बियांनी भरलेली बरणी होती. झाकण निळं.

माझा जीव भांड्यात पडला. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि, लपवायचं कशाला, साहेबांच्या खोलीत उभी राहून ढसाढसा रडले. गार बरणी गालाला लावून रडले. वन्संनी पर्समधून रुमाल काढून दिला आणि वर "बरणी ओली करू नकोस" म्हणाल्या.

साहेब खुर्चीत मागे टेकले. मफलर सैल केला. त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदाच त्यांची दया आली. ज्या ओळीने चार्ट फिरवला ती त्यांची होती, आणि जिने घेवडा वाचवला तीही त्यांचीच होती. आता माणसाने ओरडावं तरी कुणावर?

"मी त्या मुलीला..." ते म्हणाले. मग म्हणाले, "अजून कळवलं नव्हतं. बरं झालं, आवाज बसला होता."

मी मुंगीला फोन लावला. स्पीकर चालू केला आणि फक्त म्हटलं, "सापडली गं." पलीकडून आधी शेजारणीचा आवाज आला, "अहो, काय सांगितलंत हिला? ही हसतेय की रडतेय?" मग मुंगीच ओरडली, "ताई, मोजून बघा, ताई, सगळ्या आहेत ना?" जणू कुणी एकेक बी मोजून ठेवलं होतं. मी तिला साहेबांच्या वरच्या ओळीने चार्ट कसा फिरला तेही सांगितलं.

ती बोलत असतानाच माझ्या फोनवर दुसरा फोन वाजायला लागला. भांडारकाका! मी दोघांना एकाच फोनवर जोडलं. वारा इतका जोरात होता की आधी नुसता घोंगावच ऐकू आला.

"हॅलो! मी डोंगराच्या टोकावर चढून बोलतोय," काका धापा टाकत होते. "इथे जरा रेंज आहे. नातू झाला, पण ते नंतर. आधी सांगा, साहेब परत आले का? त्यांनी फ्रिज उघडला का?"

"उघडला, काका," मी म्हणाले.

"मग त्यांनी हो म्हटलं का? भट्टीला?" काकांनी तो शब्द उच्चारला, जन्मात पहिल्यांदा, डोंगराच्या टोकावरून ओरडून. "हे बघा, मुंगीने सांगितलं म्हणून मी उलट बोललो नाही. तिचा निकाल, तिला माहीत. पण मला काही झोप येईना. तिचा बाप माझ्या हातात देऊन गेला होता ती बरणी. साहेबांना म्हणावं, एकदा परत तपासा. मी हात जोडतो. नाही म्हणा म्हणावं."



साहेब उठले. माझ्या हातातला फोन घेतला, तोंडाजवळ धरला, आणि त्या फाटक्या आवाजात जितकं मोठ्याने बोलता येईल तितकं बोलले.

"काका, नाही म्हटलं. ऐकू येतंय का? नाही म्हटलं मी."

"काय? नाही?"

"नाही!"

वाऱ्यातून एक लांबलचक "हां..." आलं, आणि मग काका नातवाचं वजन सांगायला लागले, आणि ते पुरं सांगून होण्याआधी रेंज गेली.

साहेबांनी फोन माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "ती माझी ओळ काढून टाका."

"काढायची नाही," फोनवरून मुंगी म्हणाली. नाक चोंदलेलं होतं, पण आवाज ठाम होता. "ताई, ती राहू दे. फक्त मजकुरात शेवटी न्या. आणि चौकट भट्टीच्या आधी घ्या."

भट्टी म्हणाली ती. सरळ, पूर्ण शब्द. मी वन्संकडे बघितलं, वन्संनी साहेबांकडे, आणि कुणीच डोळे वटारले नाहीत. मी बरणी उचलली आणि ती थंड खोलीत, वाटाणा आणि मसुराच्या मधे, तिच्या जागी ठेवून आले.